झडपेखालची बोलणी

आमच्या जुन्या दुकानाच्या इमारतीचं मोजमाप घ्यायला मध्यंतरी आर्किटेक्चर कॉलेजची तीन-चार मुलं आली होती. टेप, मोबाईल, भिंतीवर लाल ठिपका पाडणारं कसलंसं यंत्र, सगळा सरंजाम. दगडी जोत्यापासून माळवदापर्यंत त्यांनी सगळं मोजलं, सज्ज्याच्या खांबांवरच्या मोरांचे फोटो काढले आणि भिंतीची जाडी बघून माना हलवल्या. वरच्या माजघरात आल्यावर जमिनीतली लाकडी झडप उचलून खाली डोकावली, तर खाली थेट दुकानाची गादी. त्यातला चष्मेवाला मला म्हणाला, "आजी, हे हवा खेळती राहावी म्हणून केलं असणार ना?" मी म्हटलं, "हो बाळा, हवेसाठीच." त्यानं ते लगेच मोबाईलवर टिपून घेतलं. आता आमच्या आजोबांना हवेचं केवढं ज्ञान होतं, हे कुठंतरी छापून येईल. येऊ दे बापडं. खरं सांगायला बसले असते तर त्यांचा दिवस गेला असता, आणि माझा चहा.

आमचं दुकान तांब्यापितळेच्या भांड्यांचं. सोलापुरातल्या जुन्या पेठेत, दोन्ही बाजूंच्या घरांना खेटून उभं. इमारत बांधताना आजोबांनी गवंड्याला म्हणे दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. दुकान ऐसपैस पाहिजे, आणि घरात कोण येतं, कोण जातं ते गादीवर बसल्या बसल्या दिसलं पाहिजे. गवंड्यानं दुसरी गोष्ट इतकी मनावर घेतली की घराला वेगळं दारच ठेवलं नाही. मागे शेजारच्या तेलुगू विणकरांची भिंत, पुढे दुकान. घरात यायचं तर घागरी-हंड्यांमधून वाट काढत, गादीला वळसा घालून, भिंतीच्या पोटातल्या जिन्यानं वर. दूधवाला तसाच यायचा, शिकवणीचे मास्तर तसेच यायचे, माहेरपणाला आलेली बाळंतीणही तशीच. माझी आई लग्न होऊन केमहून आली तेव्हा माप ओलांडायला घराचा उंबरठाच नव्हता, म्हणून तिनं दुकानाच्या उंबरठ्यावरचं माप ओलांडलं. जरा जोरात ओलांडलं. सगळे तांदूळ मांडलेल्या भांड्यांत उडाले, आणि पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाइकाला घागर उपडी करून दाखवताना आतून चार तांदूळ पडायचे. आजोबा म्हणायचे, "लक्ष्मी आहे, पडू द्या." गिऱ्हाइकं आनंदानं तांदळासकट घागर न्यायची.

जिना मात्र एका माणसापुरता, तोही बारीक माणसापुरता. कठड्याऐवजी एक जाड दोर, आणि शेवटच्या पायरीवर डोक्यावर आडवं दार. दोन्ही हात सामानात गुंतलेले असायचे, म्हणून ते दार आम्ही डोक्यानंच ढकलायचो. आमच्या घरात सगळ्यांचीच डोकी टणक, आणि आई म्हणायची ते काही फक्त जिन्यामुळं नाही. वर पुढं सज्जा, मग मालाची खोली, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर आणि डोक्यावर पांढऱ्या मातीचं माळवद, ज्यावर उन्हाळ्यात सगळी पेठ झोपायला जायची आणि एकमेकांची घोरणी ओळखायची. वरची जमीन सागवानी फळ्यांची होती आणि फळ्या वाळून त्यांच्यात फटी पडल्या होत्या. वर पाणी सांडलं की खाली गिऱ्हाइकावर. त्यामुळं फरशी पुसतात तशा त्या फळ्या पुसण्याआधी वरून "पाणीऽ" अशी हाळी द्यायची आणि खाली अण्णांनी गादीवरचा लोड उचलून बाजूला सरायचं, ही आमची पद्धत. एखादं नवखं गिऱ्हाईक भिजलंच तर अण्णा म्हणायचे, "पुसायचं पाणी नाही हो, देवपूजेचं असणार." अण्णा म्हणजे माझे वडील.

आवाजांचं तर विचारू नका. सकाळी गिरणीचा भोंगा, मग दुकानाच्या लाकडी फळ्या एकेक करून खाचेतून निघतानाचा खडखडाट, शेजारच्या मागांचा दिवसभर खटक-खटक, आणि आमच्याकडं भांड्यावर भांडं. पितळेच्या हंड्याला बोटानं टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय कुठलीही बाई तो घेत नसे. या सगळ्या गोंगाटात मी भूमिती शिकले. अजूनही फार शांत खोलीत मला काही सुचत नाही, टीव्ही लावून बसावं लागतं.

तर झडप. ती केली होती माल वर चढवायला. तुळईला लोखंडी आकडा, आकड्याला कप्पी, कप्पीवरून दोर आणि दोराला वेताचा मोठा हारा. जिन्यातून हंडा जात नाही, म्हणून एकात एक बसवलेली भांडी हाऱ्यातून वर मालाच्या खोलीत जायची आणि लागतील तशी खाली यायची. पण कप्पी एकदा घरात आली की ती फक्त मालासाठी राहते थोडीच? अण्णांचा चहा त्याच हाऱ्यातून खाली जायचा, भाजी त्याच हाऱ्यातून वर यायची. एकदा तापात मला डॉक्टरांकडं न्यायचं होतं तर मलाही हाऱ्यात बसवून खाली सोडलं. खाली एक आजीबाई परात बघत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, आणि परात ठेवून मुकाट्यानं निघून गेल्या.

अण्णा स्वभावानं अतिशय भिडस्त. कुणालाही नाही म्हणणं त्यांच्या जिभेवर यायचंच नाही. गिऱ्हाइकानं "जरा कमी करा की" म्हटलं की यांचा जीव कासावीस व्हायचा. आजोबा गेल्यावर थोड्याच दिवसांत दुकानात गर्दी वाढली, आणि तोट्यात विकून विकून घरची भांडीसुद्धा कमी व्हायला लागली. आई माजघरात बसून झडपेतून सगळं ऐकत होती. तिचं सगळं माहेर केमच्या बाजारात वाढलेलं. समोरच्याच्या आवाजावरून त्याला वस्तू किती हवी आहे हे तिला कळायचं. पण तिनं दुकानात येऊन गिऱ्हाइकाशी बोलावं असा काळ नव्हता, म्हणजे निदान आमच्या पेठेत नव्हता. मग तिनं डोकं चालवलं. लोखंडी खलबत्ता उचलून झडपेच्या कडेला आणून ठेवला. एक ठोका म्हणजे नाही, धरून बसा. दोन ठोके म्हणजे द्या आणि मोकळे व्हा. आणि बत्ता खलात नुसताच घासला तर गिऱ्हाईक निव्वळ टाइमपासला आलंय, चहा मागवू नका. वरून ठोका आला की अण्णा एकदम ताठ व्हायचे. "नाही जमायचं," असं म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच जरा दचकायचे.

ठोक्यांचा संशय येऊ नये म्हणून खलात नेहमी भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि मिरची घातलेली असायची. त्यामुळं आमच्याकडं शेंगाचटणी कधी संपली नाही. गिऱ्हाईक चिवट असलं तर चटणी बारीक, भोळं असलं तर भरड. शाळेतून येऊन कडक भाकरीबरोबर चटणीचा पहिला घास घेतला की मला त्या दिवशीचा धंदा कळायचा. पेठेत सगळे म्हणायचे, या भांडेवाल्यांचं चटणीवर फार प्रेम आहे.

आता माझ्या थोरल्या बहिणीचं, सुमनताईचं, सांगते. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. अभ्यासात अशी बुडालेली असायची की जिन्याचं दार डोक्यानं उघडायच्या ऐवजी डोकं आपटून परत खाली जायची. एके दिवशी दुकानात एक तरुण बंब घ्यायला आला. नातेपुत्याचा, नाव वसंत, सोलापुरात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ओव्हरसियर, खोली घेऊन राहिलेला. बंब वरच्या खोलीत होता. सुमनताईनं तो हाऱ्यात ठेवून खाली सोडला, त्यानं खालून दोन्ही हात पसरून घेतला, आणि बंब मिठीत धरून तसाच वर बघत उभा राहिला. अण्णांनी सांगितलेली किंमत त्यानं भाव न करता मान्य केली, त्यामुळं आई वर बत्ता हातात धरून नुसतीच बसली. नंतर तो बंबाच्या झाकणासाठी आला. मग तोटी गळते म्हणून आला. मग तोटी गळत नाही हे सांगायला आला. आईनं ओळखलं. आमच्या एका ओळखीच्यांकडून नातेपुत्याला निरोप गेला आणि त्याचे वडील मंडळींना घेऊन मुलगी बघायला येणार असं ठरलं.

आदल्या दिवशी सुमनताई मला माळवदावर घेऊन गेली. मी तेव्हा नववीत होते आणि तिच्या विश्वासातली एकमेव व्यक्ती होते, याचा मला फार अभिमान होता. "शैले," ती म्हणाली, "मुलगा मला पसंत आहे. पण परीक्षा मी देणारच. चैत्रात आहे, त्याआधी लग्न लागलं तर पुस्तकं इथंच राहतील आणि मी तिथं. मला दोन्ही पाहिजे." मी म्हटलं, "अण्णांना सांग की." ती म्हणाली, "अण्णा मला हो म्हणतील. मग त्यांनाही हो म्हणतील." आणि तिचे डोळे भरून आले, कारण ते अगदी खरं होतं.

पाहुणे दुपारी आले. वसंतचे वडील आबासाहेब नातेपुत्याला आडतीचा धंदा करायचे, म्हणजे माणूस आयुष्यभर भाव करण्यात मुरलेला. अंगानं प्रचंड. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, आणि आवाज असा की बोलले की ओळीनं मांडलेली पातेली हलकेच गुणगुणायची. बरोबर वसंत आणि आणखी तिघे होते, पण ते तिघे बोलायला आले नव्हते, खायला आले होते. बोलणी वर माजघरात व्हायची होती. अण्णांनी आदरानं जिना दाखवला आणि आबासाहेब जिन्यात शिरले. दोन-तीन पायऱ्या चढले आणि बसले. म्हणजे अडकून बसले. पुढं सरकेनात आणि मागंही येईनात. आतून आवाज आला, "शेठ, जिना कुनी बांदला हो?" अण्णा म्हणाले, "वडिलांनी." "त्यास्नी पाव्हनं येत नव्हतं काय?" शेवटी वसंत आणि अण्णा दोघांनी धोतर सांभाळून त्यांना मागं ओढलं. आबासाहेब पांढऱ्या चुन्यानं माखून बाहेर आले, घाम पुसला आणि सरळ गादीवर बसले. "हितंच बोलू की. गादी हाय, लोड हाय, अजून काय पायजे?"

अर्ध्या फळ्या लावून दुकान बंद केलं. अण्णांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी गुपचूप झडपेकडं बघितलं. वर आईला उलट हुरूप आला होता. बोलणी आयती तिच्या मैदानात येऊन पडली होती. तिनं मला एक चिठ्ठी दिली, ती मी चहाच्या हाऱ्यात ठेवून अण्णांकडं खाली सोडली: "नेहमीसारखंच. एक आणि दोन." अण्णा सावरून बसले. तेवढ्यात आतून सुमनताईनं आईला हाक मारली. वर बघायचा कार्यक्रम होता तोवर ठीक होतं, पण आता इरकली साडी नेसून तो उभा जिना उतरायचा होता आणि निऱ्या सुटत होत्या. आई मला म्हणाली, "एवढी साडी नेसवून येते. तवर हवापान्याचं बोलत बसतील. तू चहा बघ." आणि ती आतल्या खोलीत गेली.

आमची आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, खास या कार्यक्रमासाठी करमाळ्याहून आली होती. स्वयंपाकघरात तिनं शेंगापोळ्या मोजल्या नाहीत, पण बघितल्या. चुरमुऱ्यांच्या सुशील्याची चव घेतली, आणखी लिंबू पिळायला लावलं. आणि मग माजघरात येऊन तिची नजर खलात पडली. "अगं बया! पाव्हनं खाली बसल्यात आन् चटनी अजून खलातच?" एवढं बोलून ती झडपेच्या कडेला फतकल मारून बसली आणि तिनं बत्ता उचलला. आत्याचा हात जड आणि श्वास तोकडा. एक ठोका घालायची, मग सुस्कारा टाकायची, कमरेला हात लावायची, मग पुढचा ठोका.

खाली आबासाहेबांनी घसा साफ केला. "तर शेठ, आमच्यात लगीन मुलाच्या दारात लागतंय. तवा मांडव नातेपुत्याला."

धप्.

अण्णा ताठ झाले. "नाही," ते म्हणाले, "ते नाही जमायचं."

आबासाहेबांनी भुवया वर केल्या. असं सुरुवातीलाच कुणी त्यांना म्हटलं नसावं. "बरं, हितं सोलापुरात करू. पन वरातीला घोडं पायजे, आन् ब्यांड हितलाच, दोन ताशे जास्तीचे."

धप्.

"नाही."

"बरं बरं, घोडं ऱ्हाऊ द्या. पोरगं तसंबी घोड्याला भितंय." वसंतनं मान खाली घातली. "पन शेठ, तुमचं दुकानच भांड्याचं. रुखवतात तांब्याचा मोठा बंब तरी..."

धप्.

"नाही, बंब नाही."

"बंब नेलाय की आबा," खायला आलेल्यांपैकी एकजण सुशील्याच्या बशीतून मान वर करून म्हणाला. आबासाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुन्हा मान बशीत घातली.

आतल्या खोलीत आईच्या तोंडात टाचण्या होत्या. अण्णांचा आवाज तिथपर्यंत येत होता. ठोकेही येत असणारच, पण आईला ते ऐकू आले तरी ते तिच्या लेखी कुणीतरी चटणी कुटतंय एवढंच होतं; तिनं न मारलेला ठोका खुणेचा असू शकतो हे तिच्या मनातच आलं नाही. नंतर ती सांगायची, "मला वाटलं, आज लेकीसाठी ह्यास्नी कंठ फुटला. डोळं भरून आलं माझं. म्हनलं, बोलू द्यावं मानसाला." आणि ती सावकाश, मन लावून निऱ्या घालत बसली.

मला मात्र तिसऱ्या ठोक्याला उलगडा झाला. मी आत्याचा हात धरायला पुढं झाले. तेवढ्यात पदर खांद्यावर न घेताच सुमनताई धावत बाहेर आली, कारण खाली तिचाच विषय निघाला होता. आबासाहेब म्हणत होते, "एक गोष्ट आमची पक्की. पोरीचं कालेज आता बास. आमाला काय नोकरी करवून घ्यायची न्हाय."

धप्.

"नाही!" अण्णा इतक्या जोरानं म्हणाले की फळीवरची एक वाटी वाजली. "कॉलेज बंद होणार नाही. परीक्षा देणार म्हणजे देणार."

सुमनताई जागच्या जागी थांबली. मी तिच्या कानात भराभरा सगळं सांगितलं. तिनं खाली बघितलं, आत्याकडं बघितलं, माझं मनगट घट्ट धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "कुटू दे." भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीनं चालू प्रयोगात हात घालू नये हे तिला शिकवलं असावं. आम्ही दोघी झडपेपाशी पालथ्या पडून बघू लागलो.

"बरं," आबासाहेब कपाळ पुसत म्हणाले, "शिकू द्या. तुमी लई चिवट मानूस निगाला, शेठ. पर मुहूर्त माघातलाच धरायचा. चैत्र-वैशाखात आडतीवर मला दम खायला सवड नसती. माघात लगीन, मग हितं येऊन परीक्षा देईना का."

धप्.

"माघात नाही."

"अवो, मग कवा?"

आत्या दम खात होती. अण्णा झडपेकडं बघत राहिले. आबासाहेबांनी उपरणं झटकलं आणि ते उठून उभे राहिले. त्यांच्याबरोबर खायला आलेले तिघेही बशा ठेवून उठले. वसंत तेवढा बसून होता. आल्यापासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, फक्त दोनदा सुशीला वाढला होता. "शेठ," आबासाहेब म्हणाले, "मी इतक्या पायऱ्या उतरलो, तुमी एक बी उतरला न्हाय. आता शेवटचं इचारतो. सोयरीक करायची हाय, का न्हाय?"

सुमनताई आत्याच्या हातावर झेपावली. पोचली नाही.

धप्.

अण्णांनी डोळे मिटले. "नाही," ते म्हणाले.

"झाली बाई एकदाची चटनी," आत्या म्हणाली.

मला त्या क्षणी सुमनताईचा चेहरा दिसला आणि मी रडायलाच लागले. इतकी वर्षं झाली, मी नातवंडांची लग्नं बघितली, पण तो चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. ती मात्र रडली नाही. झडप दोन्ही बाजूंनी सताड उघडून तिनं कमरेपर्यंत अंग खाली सोडलं, मी घाबरून तिचे पाय धरले, आणि ती ओरडली, "अण्णा! ती आत्या होती!"

खाली सगळ्यांनी वर बघितलं. तिच्या वेणीतला अबोलीचा गजरा सुटून आबासाहेबांच्या फेट्यावर पडला.

"कोण आत्या?" अण्णा म्हणाले.

"चटणी कुटत होती!"

अण्णांच्या चेहऱ्यावरून आधी रंग गेला, मग परत आला. आबासाहेब फेट्यावरचा गजरा काढत म्हणाले, "चटनीचा काय संबंद?" अण्णांना नाही म्हणता यायचं नाही तसं खोटंही बोलता यायचं नाही. त्यांनी गादीवर बसून एक ठोका, दोन ठोके, घासणं, सगळं सांगून टाकलं. कित्येक वर्षांचं गुपित त्यांनी नातेपुत्याच्या आडत्यासमोर ओतलं. आबासाहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी मगापासनं चटनीशी बोलतोय?"

जिन्यात पावलं वाजली. आई खाली आली. कुणी परकं दुकानात असताना ती कधी गादीपाशी आलेली मी बघितली नव्हती. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, अण्णांना हातानंच जरा सरका म्हणून खुणावलं आणि गादीवर बसली. "बसा आबासाहेब," ती म्हणाली. "आता माज्याशी बोला."

आबासाहेब बसले. तिघे खाणारेही बसले आणि त्यांनी बशा पुन्हा उचलल्या.

"तुमी जे जे सोडलं, ते सोडलं," आई म्हणाली. "मांडव, घोडं, बंब. आता माघारी घ्यायचं न्हाय."

"वा वैनी! ते चटनीला सोडलं हुतं, तुमाला न्हाय."

"चटनी आमचीच की."

मग जे चाललं ते ऐकायला पेठेतली माणसं अर्ध्या उघड्या फळ्यांपाशी जमली. मांडवाचं तोडलं, ताशांचं तोडलं, कॉलेज चालू ठेवायचंही आबासाहेबांनी कबूल केलं. पण मुहूर्तावर येऊन गाडं अडलं. ते माघ सोडेनात, ही वैशाख सोडेना. दोघंही मुरलेली, दोघांनाही ठाऊक होतं की आता जो आधी बोलेल तो हरला. म्हणून कुणीच बोलेना. अण्णा एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होते. सुमनताई अजून झडपेतच होती, तिला बाजूला व्हायला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मग ती वरून बोलली. आईशी नाही, अण्णांशी नाही, आबासाहेबांशी नाही.

"परीक्षा होईपर्यंत थांबाल का तुम्ही?"

वसंतनं वर बघितलं. बंब मिठीत धरून बघितलं होतं तसंच. "थांबतो की," तो म्हणाला.

आबासाहेब गर्रकन वळले. "तुला कुनी इचारलं रं?"

"यांनी," वसंतनं वर बोट केलं. "आल्यापासून दुसऱ्या कुणी विचारलंच नाही."

पातेलीसुद्धा गप्प झाली. आईनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी अण्णा बोलले. वरून ठोका आला नव्हता, आत्या चटणी काढून घेऊन केव्हाच स्वयंपाकघरात गेली होती. अण्णांनी गादीवर हात टेकला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "ठरलं. वैशाखात. उचला शेंगापोळ्या."

आबासाहेबांनी एकदा मुलाकडं बघितलं, एकदा हातातल्या गजऱ्याकडं, आणि पान वाढायला सांगितलं. आई अण्णांकडं बघतच राहिली.

"मला इचारायचं तरी," ती हळूच म्हणाली.

"विचारलं असतं की," अण्णा म्हणाले. "पण तू 'धरून बसा' म्हणून एकच ठोका दिला असतास."